दुसऱ्याच्या प्रार्थनेत मधे बोलू नये

शेजारच्या काकू मालवणच्या. आमची परळची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा सोडतीत दोन्ही घरं पुन्हा शेजारीशेजारीच आली. काकू म्हणाल्या, देवाची करणी. असेल देवाची, पण मधली भिंत बिल्डरची आहे. चाळीत ती हातभर जाड होती, इथे बोटभर. संध्याकाळी आठला आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली की काकूंना ती अक्षरन् अक्षर ऐकू जाते, आणि सकाळी लिफ्टपाशी त्या मला गाठतात.

"काय गो, तुज्या सासऱ्यान काल देवाक सांगल्यान, घरात लाईट फुकट जळता म्हणान. पंखो चालू ठेवून गेललंस काय?"

मी ओशाळून हसते. दुसरं काय करणार? एकदा त्या म्हणाल्या, "आमच्यात भांडान झालां की भांडी आपटतत. तुमच्यात आमेन आपटतत." बोलून त्या खाली भाजीवाल्याकडे उतरल्या आणि मी हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत त्या वाक्याशी मनातल्या मनात भांडत राहिले. भांडण जिंकता येईना, कारण काकूंचं बरोबर होतं.

आमच्या घरात कोणी कोणावर आवाज चढवत नाही. पाहुण्यांना हेवा वाटावा असं घर आहे. माझे सासरे, मीही त्यांना पप्पाच म्हणते, पुष्कळ वर्षं आमच्या चर्चचे पंच होते. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई. शिक्षण बेताचं, पण प्रार्थनेला उभे राहिले की पदवीधर मान खाली घालून ऐकतात. कोणी नवीन घर घेतलं, कोणाचं ऑपरेशन ठरलं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, की आधी पप्पांना बोलावणं येतं. आवाज खर्जातला. शब्द असे की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यावं. बाहेरच्या लोकांसाठी ते जे मागतात ते मी स्वतः ऐकलं आहे, आणि ते खरं असतं, यात मला कधी शंका आली नाही.

घरातली प्रार्थना वेगळी. तिथे पप्पा देवाला दिवसभराच्या बातम्या देतात.

"हे दयाळू पित्या, घरातल्या माणसांना मीठ बेतानं घालायची बुद्धी दे." त्या दिवशी आमटी खारट झालेली असते. "आमच्या मुलीबाळींना मोबाइलच्या मोहातून सोडव." माझी मुलगी अकरावीत आहे, ती डोळे मिटूनच मांडीखालचा मोबाइल पुढे सरकवते. "जे थकून उशिरा घरी येतात त्यांना घराकडे लक्ष द्यायला सवड दे." हे माझ्यासाठी. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, आणि महिन्यातून काही दिवस दुपारची पाळी असते.

प्रार्थना संपल्यावर मी एकदा सरळ विचारलं होतं, "पप्पा, आमटी खारट झाली होती का?"

"मी तुला काही म्हणालो का बाई?" ते शांतपणे म्हणाले. "मी देवाशी बोलत होतो."

यावर काय बोलायचं? माणसाला उत्तर देता येतं. देवाला लिहिलेलं पत्र आपल्याला वाचून दाखवलं, तर त्याला उत्तर द्यायची सोय नसते. आणि आमच्यात लहानपणापासून शिकवलेलं असतं की दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मधे बोलू नये. खोकला आला तरी पदरात खोकावं.

सासूबाई होत्या तोवर याला लगाम होता. पप्पांची प्रार्थना लांबली, किंवा नको त्या वळणावर जाऊ लागली, की त्या डोळे मिटूनच एखादं गाणं उचलायच्या. देवाच्या गाण्याला कोण अडवणार? पप्पांना सुरात सूर मिसळावाच लागायचा. गाणं संपेपर्यंत मिठाचा आणि पंख्याचा विषय विरून गेलेला असायचा. तेव्हा मी नवी होते, मला वाटायचं सासूबाईंना गाण्याची भारी आवड. त्या गेल्या, आणि मग कळलं त्या काय करत होत्या. माझा गळा तसला नाही. मी एकदा प्रयत्न केला तर पप्पा मधे थांबले आणि माझं गाणं संपल्यावर म्हणाले, "प्रभू, जे सुरात नाहीत त्यांचीही स्तुती तू स्वीकारतोस."

माझा नवरा या सगळ्यात नसल्यासारखा असतो. त्याची प्रार्थना लग्न झाल्यापासून एकच आहे: आजच्या दिवसाबद्दल आभार, उद्याचा दिवस चांगला जाऊ दे, आमेन. मुलीची त्याहून छोटी. "थँक यू प्रभू, सगळ्यांना ब्लेस कर, आमेन," एका दमात, की लगेच मोबाइल. रविवारी उपदेशात सांगतात, ख्रिस्ती कुटुंब म्हणजे छोटं चर्च. मला ते ऐकलं की आतून चीड येते. चर्च निदान दुपारी सुटतं.

ही चीड मला जास्त टोचते, कारण मी प्रार्थनेवरच वाढलेली मुलगी आहे. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. वडील लवकर गेले. आई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकीण होती, आणि तिच्या त्या नोकरीमुळेच मी तिथल्या शाळेत शिकले. आईला अक्षरओळख नाही. घराण्यातली पहिली पदवी माझी. मी बी.एस्सी. झाले, लॅबची नोकरी लागली, तेव्हा बोर्डिंगच्या बाईंनी आईला विचारलं, मुलगी काय करते आता? आई म्हणाली, "रगत तपासती. पर डाक्टर न्हाई." अजूनही मला माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही. त्या शाळेचं, त्या बाईंचं, आणि त्या चुलीपुढे बसलेल्या आईचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते मी कधी फेडू शकेन असं वाटत नाही.

आई प्रार्थना करायची ती भाकरी थापताना. डोळे उघडे, हात पिठात. "देवा, आज पीठ चिकाट निघालंय, बघ बाबा जरा." मग दोन भाकऱ्यांनंतर, "त्या नव्या पोरीला घरची लई याद येती. तिला झोप लागू दे आज." मग जाळ पुढे ओढत, "आन् ह्या लाकडाला काय झालंय?" यातलं देवाशी किती आणि लाकडाशी किती, ते मला कधी कळलं नाही. आई आमेन म्हणायची नाही. एकदा मी शाळेत शिकून आल्यासारखी तिला म्हणाले, आई, शेवटी आमेन म्हणायचं असतं. तर म्हणाली, "शेवट झाला कुठं? अजून साठ भाकऱ्या हायेत."

त्या आईनं गेल्या पावसाळ्यात गॅस उघडा ठेवला. बोर्डिंगची नोकरी कधीच सुटली होती. ती एका खोलीत एकटीच राहत होती. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मग तिनं रविवार समजून शनिवारीच चर्च गाठलं आणि बंद दाराशी बसून राहिली. मग दूध पातेल्यासकट जाळलं. शेजारीण मला फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही लक्ष ठेवतो, पण आम्हाला बी कामं हायेत." खरंच होतं तिचं. मी एकुलती एक मुलगी. आईला इकडे आणायचं, हे माझ्यापुरतं त्याच दिवशी ठरलं.

नवऱ्याला सांगितलं. तो लगेच हो म्हणाला. तो कशालाच नाही म्हणत नाही, ही त्याच्याबद्दलची माझी तक्रार आहे आणि त्याच्याशी लग्न टिकण्याचं कारणही. "फक्त पप्पांना मी सांगतो," तो म्हणाला. "योग्य वेळ बघून."

योग्य वेळ त्यानं कधी बघितली ते मला त्यानं सांगितलं नाही. ते मला प्रार्थनेतून कळलं.

"हे पित्या," पप्पा म्हणाले, "तू प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी ठेवलं आहेस. म्हाताऱ्या माणसाला आपलं गाव, आपली हवा, आपली मंडळी सोडवत नाही, हे तू जाणतोस. ज्याला त्याला त्याच्या ठिकाणीच समाधान दे."

नवऱ्याचा दिवस आभार मानून संपला. माझी पाळी आली. मी नेहमी आजाऱ्यांसाठी मागते, त्या दिवशी म्हणाले, "प्रभू, जे एकटे आहेत त्यांना सोबत दे. त्यांना आपल्या घरी आणायला आम्हाला मन दे."

जेवणं झाली. पप्पांनी मला वांग्याची भाजी छान झाली म्हणून सांगितलं, तेही थेट मला.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी मुंबईतल्या घरांचा विषय घेतला. पाय पसरायला जागा नाही, हे तू वरून पाहतोस, वगैरे. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि एक संडास-बाथरूम. पप्पा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, आम्ही तिघं आत. जागा नाही हे काही खोटं नव्हतं. पण नाताळ जवळ आला होता, बाल्कनीत चांदणी लागली होती, आणि मला राहवलं नाही. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, तुझा जन्म गोठ्यात झाला तो उतारशाळेत जागा नाही म्हणूनच. आम्ही नुसती चांदणी लावून थांबू नये."

मुलीच्या नाकातून हसू फुटलं. तिनं ते शिंकेत घातलं.

सकाळी लिफ्टपाशी काकू तयारच होत्या. "काल बरां हाणलंस गो!" त्या खूश होत्या. "पण म्हाताऱ्याक लागलां काय?"

लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पप्पांनी उत्तर आणलं. गोठ्यात मरिया आणि योसेफ पाहुणे होते, कायमचे राहायला आले नव्हते, असा काहीसा त्याचा रोख होता. मग मी, मग ते. असे किती दिवस गेले कोण जाणे. दिवसभर लॅबमध्ये स्लाइडवर डोळा लावून बसलेली असताना माझं अर्धं मन संध्याकाळचं वाक्य जुळवत असायचं. आणि सगळ्यात वाईट हे की त्या दिवसांत मी खरं काही मागतच नव्हते. आईला आज तरी गॅस बंद करायची आठवण राहू दे, एवढं एकच मला देवाकडे हवं होतं, आणि ते म्हणायला मला जागाच उरली नव्हती. प्रार्थनेची वेळ पप्पांना उत्तर देण्यात जायची. एकांतात दार लावून मागावं म्हणतात. आमच्या घरात दार लागतं असं एकच ठिकाण आहे, आणि तिथे सकाळी बाहेर रांग असते.

सरळ बोलायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका सकाळी चहा देताना म्हणाले, "पप्पा, आईबद्दल बोलायचं होतं."

"मी प्रार्थनेत ठेवलंय बाई."

"ठेवलंय ते ऐकलं. पण तुमचं म्हणणं काय आहे?"

"आपलं म्हणणं काय असतं? त्याची इच्छा." त्यांनी चहा बशीत ओतला. विषय संपला. आमच्या मंडळीत ज्या विषयाला हात लावायचा नसतो तो प्रार्थनेत ठेवतात. चर्चच्या छपराची गळती कितीतरी पावसाळे तिथेच आहे.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. आईच्या खोलीतून धूर निघत होता. शेजाऱ्यांनी दार ढकललं तर आई बाहेरच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, आत तव्यावर भाकरीचा कोळसा झालेला. "ताई," ती म्हणाली, "आता माझी छाती न्हाई होत." मी घरी आले ती चप्पल काढतानाच नवऱ्याला म्हणाले, येत्या आठवड्यात आईला आणायचं. तो म्हणाला, पप्पांशी बोलतो. मी म्हणाले, आजच. तो म्हणाला, प्रार्थना तर होऊ दे.

प्रार्थना सुरू झाली. पप्पांनी पीक, पाऊस, सीमेवरचे जवान, आजारी मंडळी सगळं घेतलं. मी वाट बघत होते. शेवटी आलेच. "आणि पित्या, तुला ठाऊक आहे, आमच्या मनात प्रेम आहे. पण या घरात जागा नाही."

"आहे जागा," मी म्हणाले.

मोठ्यानं. माझे डोळे उघडे होते. पप्पांचे मिटलेले, चेहरा वर, ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले. ते तसेच राहिले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी आजवर चर्चमध्ये लहान मुलांना रडताना बघितलं आहे, एका माणसाला झोपेत घोरताना बघितलं आहे, पण कोणी दुसऱ्याच्या प्रार्थनेला तोंडावर उत्तर दिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याला अशा वेळी काय करावं ते कळत नाही. त्यानं त्याला येत होतं ते केलं. "आमेन," तो म्हणाला.

पप्पांनी डोळे उघडले. "माझी झाली नव्हती," ते म्हणाले. एवढंच. उठले आणि बाल्कनीत चांदणीखाली जाऊन उभे राहिले.

भिंतीपलीकडे काकूंच्या घरातला टीव्ही एकदम बंद झाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

पुढचे काही दिवस घरात जे होतं त्यापेक्षा मिठाच्या प्रार्थना बऱ्या होत्या. आठ वाजले की पप्पा चटईवर येऊन बसायचे, पण त्यांची पाळी आली की नुसते "तू घे" असं नवऱ्याला खुणावायचे. नवऱ्याचे आभार मानून व्हायचे. मी माझं सुरू करायचे आणि एकदोन वाक्यांत अडकायचे. समोर उत्तर द्यायला कोणी नसलं की मला देवाशी बोलताच येईना. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. पप्पांचा राग आईवरून आता त्या तुटलेल्या प्रार्थनेवर गेला होता, आणि आईचा विषय होता तिथेच. नवरा म्हणाला, "थोडं थांबू या, नाताळनंतर." मी त्याला म्हणाले, "तव्याला सांग, नाताळनंतर पेट." तो दुखावला. त्यालाही माझ्याकडून असं ऐकायची सवय नव्हती. आमच्याकडे असली वाक्यं देवामार्फत जातात.

रविवारी डोकं दुखतं म्हणून मी चर्चला गेले नाही. डोकं दुखत नव्हतं. घरात एकटीनं बसवेना म्हणून नाताळची साफसफाई काढली. पडदे उतरवले, जाळी धुतली, मग पप्पांचा दिवाण पुढे ओढला. मागे भिंतीला लागून एक स्टीलचं झाकणाचं पातेलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. खाली जुना टॉवेल. हे पातेलं मी कितीतरी दिवस शोधत होते. कामवालीनं नेलं असं समजून मनातल्या मनात तिला दोषही देऊन झाला होता. मी ते उचललं, आणि वास आला.

मी दिवसभर हेच काम करते. परक्या माणसांच्या लघवीच्या बाटल्या माझ्या टेबलावर रांगेनं असतात, त्यांवर नावं चिकटवते, तपासते, लिहिते. तो वास ओळखण्यात चुकायचं काही कारण नव्हतं.

मी ते पातेलं हातात घेऊन उभी होते तेव्हाच लॅचची किल्ली फिरली. पप्पा एकटेच परतले होते. नवरा आणि मुलगी नाताळच्या गाण्यांच्या सरावाला थांबली होती. पप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी दार लावून घेतलं, पण आत आले नाहीत. दाराला पाठ लावून, चर्चचे कपडे आणि बूट घालून उभे राहिले.

"ठेव ते तिथं," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"ठेव बाई."

"पप्पा, केव्हापासून?"

ते दिवाणावर बसले. बूट सोडायला वाकले, आणि वाकूनच बोलले, म्हणजे माझ्याकडे बघायला नको. रात्री चार-पाचदा उठावं लागतं. संडास आत, आमच्या बेडरूमला लागून. दर वेळी दार वाजतं, मुलगी जागी होते. शिवाय कधीकधी तिथवर पोचवत नाही. म्हणून हे. सगळ्यांच्या आधी उठून ओतून येतात, धुऊन ठेवतात.

"आणि विहीणबाई इथं हॉलमध्ये येणार," ते म्हणाले. "दुसरी जागा कुठाय? त्या पाणी प्यायला उठल्या, आणि मी हे असं." त्यांनी हातानं पातेलं धरल्याची खूण केली. "व्याही म्हणून माझ्याकडे बघतात त्या. लग्नात मला पाटावर बसवून जेवायला वाढलंय त्यांनी."

मला रागच आला. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी राग आला. इतके दिवस गोठा, उतारशाळा, देवाची योजना, आणि शेवटी कारण हे. "मला का नाही सांगितलं?" मी म्हणाले. "मी लॅबमध्ये काम करते पप्पा! रोज तुमच्या वयाची दहा माणसं माझ्यासमोर बाटली ठेवून जातात. गोळ्यांनी बरं होतं हे!"

"देवाला सांगितलं होतं."

"मला ऐकू नाही आलं."

"ते मोठ्यानं कसं सांगणार?" पप्पा म्हणाले.

मी पातेलं घेऊन आत गेले. ते घासत उभी राहिले, गरजेपेक्षा बराच वेळ. चटईवर मोठ्यानं चाललेलं सगळं मी ऐकलं होतं आणि त्यातल्या शब्दाशब्दाला उत्तर दिलं होतं. त्यांनी खरं जे मागितलं होतं ते भिंतीकडे तोंड करून, पातेल्यावर झाकण ठेवताना, आवाज न करता मागितलं असणार. आईसारखंच. हात कामात, डोळे उघडे. मला एकदम असं वाटलं की या घरात खरी प्रार्थना चालत होती, फक्त आठ वाजता नव्हे. तशी माझीही चालायची, लॅबमध्ये, आईचा फोन लागेपर्यंतच्या रिंगमध्ये. पण हे कळून माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. मोठ्यानं सांगितलं असतं तर आई कधीच इथे आली असती.

बाहेर येऊन मी त्यांच्यापुढे एक झाकणाची प्लास्टिकची बाटली ठेवली. "उद्या सकाळचं यात द्या."

"तुझ्या लॅबमध्ये?" पप्पा दचकले. "नाव लिहू नको."

"नावाशिवाय नमुना घेत नाहीत."

"मग आडनावच लिही नुसतं."

"आडनाव माझंही तेच आहे पप्पा."

त्यांनी विचार केला. "मग लिही नाव," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी काहीतरी हललं. मग खालच्या आवाजात, अगदी थेट माझ्याकडे बघून, म्हणाले, "मधे बोललीस ते मात्र चुकलं तुझं."

"चुकलं," मी म्हणाले. "आणि आईचं काय?"

"आण," पप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, लगेच फरक पडला नाही, थोडा पडला. पप्पा बेडरूममध्ये गेले, नवऱ्याबरोबर, संडासाच्या दाराशी. मुलगी, मी आणि आई हॉलमध्ये. पप्पांनी मुलाला हिंदमाताच्या कापडबाजारात पाठवून दोन नवे पायजमे मागवले. विहीणबाईंसमोर लुंगी बरी दिसत नाही म्हणाले, आणि इलॅस्टिकचे हवेत, नाडीचे नकोत, हे दोनदा बजावलं. माझी पाठ जमिनीवर झोपून आखडली आहे. मुलीचा अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याशी होतो आणि त्यावरून ती माझ्याशी रोज भांडते, थेट. नवरा म्हणतो पप्पा घोरतात, पप्पा म्हणतात तो घोरतो. जागा नाही हे पप्पांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि ते मला दिवसातून अनेकदा आठवतं.

आई आली ती नाताळच्या आठवड्यात. बोचक्यात बाजरीचं पीठ घेऊन. "तुमच्या मुंबईचं पीठ मेलेलं असतं," ती म्हणाली. पप्पा नव्या पायजम्यात उभे होते. "जय ख्रिस्त, विहीणबाई," ते म्हणाले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "जय ख्रिस्त," म्हणाली, मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हे कोन?" मी सांगितलं. "आसं व्हय," आई म्हणाली. "लईच म्हातारं झालं."

मी ओट्याखालचा गॅसचा मुख्य कॉक बंद केला आणि आमटी तशीच ठेवली. आठ वाजले होते.

चटईवर आता पाच जण. पप्पांनी कितीतरी दिवसांनी स्वतः सुरुवात केली. आवाज तोच, खर्जातला. देवानं विहीणबाईंना सुखरूप आणलं म्हणून आभार. रस्त्याचे, एस.टी.च्या ड्रायव्हरचे, पिठाचे आभार. मग त्यांना वेग आला. सृष्टीच्या आरंभापासून त्यांनी धरलं. मी एक डोळा किलकिला केला. मुलगी मनगटावर घड्याळ बघत होती. त्यांचं कुठे चाललंय ते मला दिसत होतं. हळूहळू प्रार्थना घरावर येणार, मग घरातल्या माणसांवर, मग बहुधा माझ्यावर.

आणि आईनं गाणं उचललं.

तिला वाटलं असेल प्रार्थना संपली. किंवा तिला आठवलंच नसेल की प्रार्थना चालू आहे. बोर्डिंगमध्ये मुली जेवायला बसायच्या आधी म्हणायच्या ते साधं दोन कडव्यांचं गाणं, फाटक्या पण सुरातल्या आवाजात. पप्पा वाक्याच्या मध्यावर थांबले. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मधे बोलू नये, हे या घरात आता सगळ्यांना नीटच माहीत होतं, आईखेरीज.

पप्पांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा चेहरा काहीतरी ऐकल्यासारखा झाला होता, फार जुनं. मग दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज खालून आला आणि आईच्या आवाजाला टेकला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या आईची आठवण त्यालाही झाली असणार. भिंतीपलीकडे काकूंचा टीव्ही कधीच बंद झालेला होता.

गाणं संपलं. मी आमटीकडे जायला अर्धी उठलेही.

"तर हे पित्या," पप्पा म्हणाले, आणि प्रार्थना जिथे सोडली होती बरोबर तिथून त्यांनी पुढे सुरू केली.